उघाडीचा निरोप

भात दुधात आलं की माझं लक्ष पंचांगाकडे जातं. एरवी मी पंचांग उघडत नाही. आईनं ते फ्रिजच्या बाजूला खिळ्याला टांगलेलं असतं आणि त्यातलं मला फारसं कळतही नाही. पण या दिवसांत, पितृपंधरवडा सरून घट बसले की मी पुनव-आवस मोजायला लागते. पाऊस आवरता होतो. दुपारी ऊन असं पडतं की बांधावरच्या चिखलाला पापुद्रे सुटतात. निसवलेल्या भाताला एक कोवळा, किंचित दुधाळ वास असतो, आणि त्या वासात खाडीकडून येणारा तिवरांच्या चिखलाचा वास मिसळला की मी अजूनही हातातलं काम टाकून माडीच्या खिडकीशी जाऊन खाली बघते. यंदा ते खिडकीशी जाणं थोडं कमी झालंय. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. समुद्र दिसत नाही, पण दिवसातून दोनदा तो आमच्या शेतांच्या उशाशी येऊन जातो. शेतं खाडीच्या पातळीच्या खाली. मधे मातीचा बांध, आणि त्या बांधात पाणी सोडायला ठेवलेली दारं, त्यांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. उघाडीला लाकडी झडपा असतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्या झडपा ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणीच झडपा दाबून धरतं आणि खारं पाणी आत येत नाही. शहाणी रचना आहे. कुणी केली ते कुणाला माहीत नाही. एवढंच, की झडपेत एखादं लाकूड अडकलं किंवा चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांध पोखरला, तर उधाणाच्या भरतीला खाडी सरळ शेतात उतरते. आणि एकदा खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचं भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन रुसून बसते.

पूर्वी उधाणाच्या दिवसांत पाळ्या असायच्या. पुनव-आवस आणि पुढचे दोन दिवस, भरतीच्या वेळी प्रत्येक घरातलं एक माणूस उघाडीवर जाऊन बसायचं. माझ्या लहानपणी मी डबा घेऊन जायची. आता निम्मी माणसं कारखान्यांत कामाला, काही मांडव्याहून लाँचनं मुंबईला जाणारी. पाळीला येणार कोण? तीन वर्षांपूर्वी बांधाच्या बैठकीत हाच विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, माणसाऐवजी एक डबा बसवू, तो निरोप देईल.

मी बेलापूरच्या एका कंपनीसाठी मोबाईलची अ‍ॅप्स लिहिते, बहुतेक घरूनच. माझं काम बाहेरून साधं दिसतं. कुठंतरी काहीतरी घडतं, त्याची वर्दी वेबवरून येते आणि फोनातलं झोपलेलं अ‍ॅप जागं होतं. आम्ही त्याला ट्रिगर म्हणतो. वर्दीबरोबर डेटाची लहानशी पुरचुंडी असते: कुठून आली, कशाबद्दल, किती वाजता. ती सोडून आत काय आहे ते नीट बघायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. कुणी जेवण मागवलं, कुणाची गाडी दाराशी आली, असल्या वर्द्या मी आठ वर्षं हाताळत होते. उघाडीच्या पाण्याची वर्दी त्याहून वेगळी ती काय असणार, असं मला वाटलं होतं.

डबा बनवला पोयनाडच्या रफीकभाईंनी. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. शेतातली मोटार घरबसल्या फोनवरून चालू-बंद करायचे डबे त्यांनी आमच्या भागात कितीतरी बसवलेत. पन्नाशीचे, मुरुडकडचे, बोलताना आधी हसणारे. बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. त्यांनी उघाडीच्या आतल्या बाजूला एक नळी उभी केली, तिच्यात तरंगता गोळा ठेवला आणि दोन खुणा केल्या. पाणी पहिल्या खुणेला लागलं की एक निरोप, दुसऱ्या खुणेला लागलं की दुसरा. डब्यात बॅटरी, सिमकार्ड आणि वेळ दाखवणारं घड्याळ. त्याचा निरोप वेबवर यायचा आणि तिथून अकरा घरांतल्या अकरा फोनांवर माझं अ‍ॅप घंटा वाजवायचं.

डबा बसवला त्या दिवशी बरीच मंडळी बांधावर जमली होती. हिराजीकाका सगळ्यांत पुढं. ते नात्यानं माझे कुणी नाहीत, पण गावात त्यांना काका म्हणत नाही असं माणूस नाही. त्यांची दोन शेतं उघाडीला अगदी चिकटून, त्यामुळे पाळ्या बंद झाल्याचं सगळ्यात जास्त त्यांना लागलं होतं. त्यांनी नळीला हात लावून बघितलं, मग स्वतःचा फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, पहिल्यांदा माझ्यात टाक. मला त्याचा फार आनंद झाला होता. कंपनीत माझं काम हजारो लोक वापरत असतील, पण त्यातल्या एकानंही असा फोन पुढं केला नव्हता.

पहिला पावसाळा चांगला गेला. दुसऱ्या वर्षीच्या आवसेच्या उधाणात मात्र डब्याला रेंज मिळेना. निरोप त्याच्या पोटात अडकून राहिला आणि चार वाजता, ओहोटी अर्ध्यावर आलेली असताना, बाहेर पडला. अ‍ॅपनं बिचाऱ्यानं इमानेइतबारे घंटा वाजवली. हिराजीकाका त्या दिवशी अलिबागला डोळे तपासायला गेले होते. सकाळपासून रांगेत बसलेले, पुढं दोनच माणसं उरली होती. ते रांग सोडून निघाले, एसटी धरून आले, फाट्यापासून उन्हातून चालत थेट बांधावर. तिथं पाणी शांतपणे बाहेर चाललेलं. मी आणि आणखी चार-पाच जणही तोवर पोचलो होतो. कुणी चिडलं नाही, उलट हसूच झालं. काका मात्र हसले नाहीत. नळीकडे बघत म्हणाले, "पोरी, तुजा डबा कालचा पेपर वाचतो."

हे वाक्य गावभर झालं. दोन दिवस मला दुकानात, पाण्यावर, सगळीकडे ते ऐकू यायचं. वाईट हेतूनं कुणी म्हणत नव्हतं, पण मला टोचायचं. त्या खोट्या घंटेच्याच संध्याकाळी मी बसून उपाय केला होता. निरोपाच्या पुरचुंडीत डब्याच्या घड्याळाची वेळ असायचीच. मी लिहिलं: ही वेळ अर्ध्या तासाहून जुनी असेल तर निरोप शिळा समजावा आणि टाकून द्यावा. दोन ओळी. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात की आलेल्या डेटावर विश्वास ठेवू नका, तपासा, पटला नाही तर बाहेर काढा. दोन ओळी लिहून झाल्यावर मी चहा केला आणि निवांत प्यायले, हेही मला आठवतं.

बांधावरून चालताना एक गोष्ट नेहमी लक्षात येते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि दोन्हीकडे पाणीच, पण बगळे दोन्हीकडचे वेगळे वागतात. खाडीकडचा उभा राहून वाट बघतो, भातातला सारखा चालत असतो. पारूकाकीनं मला हे दाखवलं होतं. पारूकाकी म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणारी, ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे, आणि चिंबोऱ्या पकडणारी बाई. साठीच्या पुढची. बांधाचं कुठलं बीळ चिंबोरीचं आणि कुठलं उंदराचं हे ती लांबूनच सांगते. तिच्याकडे फोन होता, पण तिच्या फोनात माझं अ‍ॅप नव्हतं. तिचं शेत नाही, म्हणून बांधाच्या यादीत तिचं घर नव्हतं, आणि मीही कधी त्याचा विचार केला नव्हता. बांधावर रोज जाणारी ती एकटीच होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

त्याच वर्षी कोजागिरीच्या आदल्या आठवड्यात रफीकभाई येऊन डब्याची बॅटरी बदलून गेले. बॅटरी उतरत आल्याचं त्यांनीच ओळखलं होतं. उधाणाच्या आधी नवी हवी म्हणून मुद्दाम सवड काढून आले. आईनं त्यांना घावणे खायला घातले. आम्ही निर्धास्त झालो.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंपनीच्या मीटिंगमध्ये होते. लॅपटॉपवर पाच-सहा चेहरे, फोन शेजारी उताणा ठेवलेला. त्या दिवशी भरतीची वेळ एकच्या सुमाराची आहे हे मला माहीत होतं, आणि फोन गप्प आहे म्हणून मी मनातून सुखावत होते. एक वाजून काही मिनिटांनी फोन वाजला. घंटा नव्हती, पारूकाकीचा कॉल होता. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"वैशू, पानी उघाडीतून आत शिरलंय. बांध सुटतोय. तुजा फोन कसा गप हाय?"

मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून धावले. वाटेत ज्याचं दार उघडं दिसलं त्याला हाका मारल्या. बांधावर पोचले तेव्हा काय झालंय ते दिसत होतं. खाडीतून वाहत आलेला एक जाड ओंडका झडपेत आडवा बसला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी आत येत होतं. तेवढंच असतं तर चाललं असतं, पण त्या धारेनं उघाडीच्या कडेची माती खाल्ली होती आणि तिथं खांड पडली होती, दोन हात रुंद, आणि बघता बघता तीन हात. पलीकडे हिराजीकाकांचं भात. दाणा दुधात होता. पाणी त्याच्या मुळांतून शिरत होतं आणि रोपं एका बाजूला कलत होती, जशी वाऱ्यानं कलतात तशी, पण वारा नव्हता.

पुढचे तीन तास मला सलग आठवत नाहीत. माणसांची रांग लागली, बायाही होत्या. चिखलाची ढेकळं हातोहात पुढं जात होती. कुणी पेंढा आणला, कुणी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. हिराजीकाका खांडीत छातीभर पाण्यात उभे राहून पिशव्या लावत होते. पारूकाकी त्यांच्या शेजारी, पदर खोचून, पायानं चिखल दाबत. माझ्या पुढच्या बाईच्या हातात ढेकूळ देताना मी दर वेळी कमरेच्या फोनला हात लावून बघत होते. तो गप्पच होता. पाण्याला ओढ लागली, ओहोटी सुरू झाली आणि चार वाजता खांड बुजली. बाकीच्या शेतांत पाणी पोचलं नव्हतं. काकांची दोन्ही शेतं भरली होती. ते बांधावर बसले, पायांचा चिखल काडीनं खरवडत.

घरी आल्यावर हात न धुताच मी वेबवरच्या नोंदी उघडल्या. मला वाटलं होतं डबा मेला असेल, किंवा रेंज गेली असेल. मनातून तशी आशाच होती. नोंदीत दोन निरोप होते. पहिली खूण, बारा चाळीस. दुसरी खूण, बारा पंचावन्न. दोन्ही वेळेवर आलेले, दोन्ही अकराच्या अकरा फोनांत पोचलेले. फक्त आतल्या पुरचुंडीत डब्यानं स्वतःची म्हणून जी तारीख लिहिली होती ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. बॅटरी काढली तेव्हा घड्याळ पुसलं गेलं आणि मूळपदावर जाऊन तिथून चालू लागलं. माझ्या दोन ओळींनी ती तारीख बघितली, निरोप शिळा ठरवला आणि टाकून दिला. अकरा फोनांत, आवाजसुद्धा न करता.

चिखल बोटांवर वाळून आवळत होता. मग मी रफीकभाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की गलती त्यांची, घड्याळ लावायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्हाला घड्याळ लावायचं असतं हे मी सांगितलंच नव्हतं. तुमच्या डब्याच्या वेळेवर मी सगळं टांगून ठेवलंय हे तुम्हाला कुठं माहीत होतं? ते म्हणाले की तरीही दुसऱ्या दिवशी ते येतील आणि काकांच्या पुढं माझ्याबरोबर उभे राहतील. मी नको म्हटलं. ते सकाळी साडेसातला दारात हजर होते.

काकांच्या ओटीवर आम्ही दोघं बसलो. काकू पाणी ठेवून आत गेल्या. मी जे झालं ते सांगितलं, यंत्राचे शब्द न वापरता. सांगायला फार वेळ लागला नाही. काका ऐकत होते. रफीकभाई मधेच घड्याळाबद्दल सांगू लागले तेव्हा त्यांनी हातानं त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे त्यानं सांगितलं व्हतं."

"हो काका."

"दोनदा."

"हो."

"आनि तू ऐकलं न्हाईस."

मी मान हलवली. त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्यापुढं धरला आणि ते अ‍ॅप काढून टाक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मी माझ्या हातानं ते काढून टाकलं आणि फोन परत दिला. त्यांनी आम्हाला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही.

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत मी बांधाकडे गेले नाही. काकांची शेतं आधी पिवळी पडली, मग तांबूस, आणि थंडीत त्यांच्यावर मिठाचा पांढरा थर आला. आमच्या माडीच्या खिडकीतून ती दिसायची. बैठकीत कुणी मला बोल लावला नाही. एकानं तर म्हटलं, सगळं शेत जाण्यापेक्षा दोन शेतांवर निभावलं. पण ती दोन शेतं त्या बोलणाऱ्याची नव्हती, आणि माझीही नव्हती. डबा काढून टाकू या, असं मीच सुचवलं. त्यावर पारूकाकी, जी बैठकीत कधी बोलत नाही आणि दाराशी बसून ऐकते, म्हणाली की डब्याचं काय चुकलं? त्यानं तर हाक मारली होती.

काही दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती अंगणात निवट्या साफ करत होती. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, शिळ्या निरोपाचं, खोट्या घंटेचं, हसण्याचं, माझ्या दोन ओळींचं. तिला समजेल की नाही अशी शंका मनात होती, ती चुकीची होती. तिनं राख लावलेले हात तसेच धरून विचारलं की ज्या निरोपाची तारीख तुला पटली नाही, तो तू कुणाला दाखवलास? मी म्हटलं, कुणालाच नाही, टाकून दिला. तेव्हा ती म्हणाली,

"आगो, बांधावर येडा वरडला तरी आपन जाऊन बगतूच ना?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल मला इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. मला शिकवलं होतं की न पटणारा डेटा बाहेर काढा. जेवणाच्या ऑर्डरीला ते ठीक आहे. पण पाण्याच्या वर्दीत एखादी गोष्ट बरोबर नसली म्हणजे सगळीच वर्दी खोटी ठरत नाही. ज्याचं घड्याळ चुकलंय त्याचे डोळे शाबूत असू शकतात. मला हे कळायला दोन शेतं जावी लागली.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा मी कंपनीचं काम संपवून उरलेल्या वेळात अ‍ॅप नव्यानं लिहीत होते. आता ते काहीही टाकून देत नाही. निरोप आला, वेळ जुळली, तर घंटा. वेळ जुळली नाही, खूण कुठली ते कळलं नाही, पुरचुंडी अर्धी रिकामी आली, एकच निरोप दोनदा आला, तर वेगळा आवाज आणि पिवळी पाटी: उघाडीवरून काहीतरी आलंय, नीट कळत नाही, कुणीतरी बघा. मग जो बांधाजवळ असेल तो जातो आणि उत्तर पाठवतो: पाहिलं, पाणी आहे, किंवा पाहिलं, पाणी नाही. ते उत्तर सगळ्यांच्या फोनवर दिसतं, नावासकट. आणि हे फक्त डब्यानंच सुरू करायचं असंही आता नाही. माणूसही करू शकतो. एक मोठं बटण आहे, ते दाबलं की डब्यासारखाच निरोप निघतो. ते पहिल्यांदा मी पारूकाकीच्या फोनात टाकलं. तिला वाचता येत नाही, म्हणून शब्दांच्या जागी चित्रं ठेवली, आणि चित्रं तिनंच निवडली. मी पाण्याच्या थेंबाचं दाखवलं तर म्हणाली, हा तर नळ गळतोय. शेवटी झडप आणि तिच्यावर चढलेली लाट, असं चित्र मी हातानं काढलं तेव्हा ती हो म्हणाली.

चाचणीचे दिवस मजेचे होते. रफीकभाई पोयनाडहून मुद्दाम वेडेवाकडे निरोप पाठवायचे. कधी तारखेच्या जागी स्वतःच्या दुकानाचं नाव, कधी नुसतंच रिकामं. एकदा तर पुढच्या शतकातली तारीख पाठवून त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, तेव्हाची भरती कळवलीय, चालेल का? मी पुष्कळ दिवसांनी मोकळेपणानं हसले. डब्याचं घड्याळ आता वेबवरून आपोआप लावलं जातं, तरी ते महिन्यातून एकदा येतात आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघतात.

काकांनी त्या उन्हाळ्यात शेत सोडलं नाही. पेणकडच्या पाहुण्यांकडून त्यांनी रात्याचं बियाणं आणलं. राता म्हणजे लाल, जाडा तांदूळ, खारट जमिनीला न घाबरणारा; बाजारात त्याला कुणी विचारत नाही, म्हणून आमच्याकडे तो जवळपास विसरला गेला होता. पावसाच्या पाण्यानं शेत भरायचं, ओहोटीला उघाडीतून ते सोडून द्यायचं, परत भरायचं, असं करत त्यांनी मीठ धुतलं. पहिल्या वर्षी विरळ आलं. लांबून शेत टक्कल पडल्यासारखं दिसायचं. ते मात्र त्याच्याकडे असे जायचे जसं आपण दुखण्यातून उठलेल्या माणसाकडे जातो, जास्त काही न विचारता.

मला आणखी एक दिसायचं. पुनव-आवसेला, भरतीच्या वेळी, भर उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून ते उघाडीवर उभे असायचे. एकही उधाण चुकवलं नाही. गावातल्या फोनांवर अ‍ॅप होतं, ते नीट चालतही होतं, पण ते उभे असायचे. मी खिडकीतून बघायचे आणि खाली जायचं धाडस मला व्हायचं नाही. त्यांच्या त्या उभं राहण्यात माझ्याबद्दल काहीतरी आहे असं मला वाटायचं. कदाचित नसेलही. कदाचित ते फक्त पाणी बघत असतील.

यंदा राता असा आलाय की बांधावरून जाणारा थांबून बघतो. लोंब्या लालसर, जड, वाकलेल्या. गेल्या आठवड्यात मी पारूकाकीकडे चालले होते तर काका समोरून आले. आम्ही एकमेकांना टाळत नव्हतो, पण बोलणं बरं आहे ना, आई कशी आहे, यापलीकडे जात नव्हतं. ते थांबले. खिशातून फोन काढला. नवा होता, मुलानं घेऊन दिलेला.

"गुडघे आता ऐकत न्हाईत," ते म्हणाले. "पारू सांगते, तुजं ते आता इचारतं म्हने."

मी म्हटलं, हो काका, कळलं नाही तर विचारतं.

"मंग टाक."

आम्ही रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसलो. मी अ‍ॅप टाकलं, त्यांचं नाव लिहिलं, घंटा कशी वाजेल ते ऐकवलं, पिवळी पाटी दाखवली. उत्तराची दोन चित्रं त्यांनी चष्मा वर-खाली करून निरखली आणि झडपेचं चित्र कुणी काढलं ते विचारलं. मी म्हटलं, मीच. झडपेला बिजागरी वरच्या बाजूला असते, तू खाली काढलीस, असं ते म्हणाले. मी त्याच दिवशी ती दुरुस्त केली.

काल पुनवेचा दुसरा दिवस होता. भरती एकच्या सुमाराला. मी जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला, पिवळ्या पाटीचा आवाज. पहिली खूण, पण वेळेची जागा रिकामी. मी चपला घालून निघाले. अंगणाबाहेर पडले तोच हातातला फोन पुन्हा थरथरला. कुणीतरी आधीच पोचलं होतं आणि उत्तर पाठवलं होतं. मी उन्हात डोळ्यांवर हात धरून वाचलं.

हिराजी. पाहिलं. पाणी नाही.

मी तरीही गेले. बांधावर काका झडपेपाशी, नळीवर वाकून, काठीनं तिच्यात शिरलेला गवताचा एक झुबका सोडवत होते. त्यानंच नळीतला गोळा उचलून धरला होता. मला बघून त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः सावकाश बांधावर बसले. पलीकडे खाडी काठोकाठ भरून उभी होती. अलीकडे राता.

"वैशू," ते म्हणाले, "कापनीला ये."